नंबर वाचता आला पाहिजे

“दिसतंय म्हणू नका. वाचता येतंय का, ते सांगा.”

हे त्या बाई पहिल्यांदा मला म्हणाल्या तेव्हा आमच्या दुकानाच्या दारात उभ्या होत्या. हातात दुकानाचाच नमुन्याचा कॅमेरा होता आणि समोरून रिक्षा धावत होत्या. एक रिक्षा टिपून त्यांनी फोटो मागच्या पडद्यावर मोठा केला आणि माझ्यापुढे धरला. मी सवयीनं म्हणालो, “बघा मॅडम, किती क्लिअर दिसतंय.” त्यावर हे उत्तर. मी वाकून पाहिलं. रिक्षा दिसत होती, मागं बसलेल्या माणसाची टोपीही दिसत होती. पण नंबरातला शेवटचा आकडा तीन होता की आठ, ते मला सांगता येईना.

मी तेव्हा पैठण गेटजवळच्या एका दुकानात कॅमेरे विकायचो. आमची गिऱ्हाइकं ठरलेली. लग्नाच्या ऑर्डरी घेऊ पाहणारी पोरं, नाहीतर नातवाच्या बारशासाठी कॅमेरा घेणारे आजोबा. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, किती मेगापिक्सल? या बाईंनी तो विचारलाच नाही. साठीच्या आसपासचं वय, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत घरून आणलेली पाण्याची बाटली. त्यांनी विचारलं, “ह्याला नेम धरायला किती वेळ लागतो?”

“ऑटोफोकस म्हणताय का?”

“तेच. आणि गाडी चालू असली तर? आणि उजेड कमी असला तर?”

मी दहा वर्षं त्या काउंटरवर होतो. हे तीन प्रश्न एका दमात कुणी विचारले नव्हते.

त्यानंतर त्या आठवडाभर रोज अकराला यायच्या. चौकटीची वही काढायच्या. वहीत रकाने आखलेले होते. कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, रिक्षा येताना, रिक्षा जाताना. एका लेन्सवर दहा फोटो, त्यातले किती वाचता आले याची नोंद. आमचे मालक गल्ल्यावरून म्हणायचे, “आल्या बघ तुझ्या आरटीओवाल्या बाई.” बाईंना ऐकू जायचं. त्या मान वर न करता म्हणायच्या, “व्हय, आले. जरा बाजूला सरका, उजेड अडतोय.”

पाटबंधारेच्या कचेरीत त्या ट्रेसर होत्या. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईनं जसाच्या तसा उतरवायचा, हे ते काम. तीस वर्षं त्यांनी धरणांच्या आणि कालव्यांच्या रेघा ओढल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर बीड बायपासच्या पलीकडं नवीन वसाहतीत एक मजली घर बांधलं आणि एकट्याच राहायच्या.

ती लागोपाठच्या दुष्काळाची वर्षं होती. धरण तळाला गेलेलं, शहर मात्र बायपास ओलांडून पळत सुटलेलं. रस्त्याआधी इमारती, आणि नळाचा पत्ता नाही. त्यांच्या वसाहतीला आठवड्यातून दोनदा टँकर यायचा. गल्लीत हौद होता, त्यात पाणी उतरवायचं आणि पावतीवर एकानं सही करायची. कचेरीत काम केलेल्या म्हणून लोकांनी सहीचं काम बाईंवर टाकलं होतं. पावतीवर लिहिलेलं असायचं, पूर्ण टँकर. हौदात उतरायचा अर्धा.

“उरलेला अर्धा कुठं जातो?” मी विचारलं.

“आमच्याकडं यायच्या आधीच जातो. माझ्या गच्चीवरनं दिसतं. मागच्या गल्लीत मोठी बिल्डिंग चाललीय, पहाटं तिथं पाइप लावून सोडतात. मी मोबाइलवर फोटो काढून महापालिकेत पाण्याच्या साहेबांना दाखवला. ते म्हणाले, नंबर दिसत नाय, कुठलाही टँकर असंल. त्यांचंही बरोबर आहे. नंबर नाय तर काय बघून धरतील?” त्यांनी वही मिटली. “भाऊ, पाणी कमी आलं तर मी कमी पिईन. पण सही माझी आणि पाणी दुसऱ्याचं, हे मला खपत नाय.”

“कुठली बिल्डिंग?” मी सहज विचारलं.

“ती सहा मजल्यांची. निळी जाळी लावलेली. शेजारी बंद पडलेली पिठाची गिरणी आहे.”

माझ्या हातातलं लेन्सचं झाकण खाली पडलं. ते उचलायला मी वाकलो आणि जरा वेळ वाकलेलाच राहिलो.

त्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर माझा फ्लॅट होता. होता म्हणजे, व्हायचा होता. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात बारा वर्षं काढून आम्ही तो बुक केला होता. बायकोनं स्वयंपाकघराच्या फरशीचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता.

त्या संध्याकाळी मी तिकडं जाऊन आलो. नव्या भिंतींवर ओली पोती टाकलेली होती, त्यांतून पाणी निथळत होतं. महिनाभर आधी तेच पाणी बघून मला बरं वाटलं होतं. काम नीट चाललंय, भिंती मुरताहेत, असं वाटलं होतं. आता मी मागच्या गल्लीत वळून बघितलं. एका बुटक्या घराच्या गच्चीवर बाई उभ्या होत्या, इकडं तोंड करून. मी गाडी वळवली आणि निघालो.

पुढं जे केलं ते सांगायला मला अजूनही जड जातं. तुम्ही दुकानात काउंटरच्या अलीकडं उभे असता, तेव्हा पलीकडचा माणूस आपल्या भल्याचंच सांगतोय की नाही, हे तुम्हाला कसं कळणार? बहुतेकांना कळत नाही.

बाई खरेदीला आल्या तेव्हा त्यांच्यापुढं दोन वाटा होत्या. कॅमेरा एकच, सुरुवातीचा, हलका. त्याच्याबरोबर दोन लेन्सची जोडी मिळत होती, एक जवळची, एक लांबची. दिसायला भरपूर आणि स्वस्त. पण त्या जोडीतली लांबची लेन्स मंद होती. कमी उजेडात फोकस शोधत पुढंमागं फिरत राहायची. दुसरी वाट म्हणजे लांबची एकच लेन्स वेगळी घ्यायची. तिची मोटर चपळ होती आणि हात हलला तरी सांभाळून घ्यायची. दुसऱ्या कुणी त्यांची गरज सांगितली असती, तर मी डोळे मिटून ही दुसरी दिली असती.

मी जोडी काढून ठेवली. म्हणालो, “हीच घ्या. एकाच्या किमतीत दोन. सगळे हीच नेतात.”

“पहाटं चालंल?”

“चालेल की.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “पहाटेचा उजेड इथं कुठं मिळंल?”

दुकानाखाली तळघरात गाड्या लावायची जागा होती. दोन दिवे, त्यातला एक गेलेला. बाई मला तिथं घेऊन गेल्या. टोकाला एक स्कूटर उभी होती, तिच्या नंबरवर त्यांनी लेन्स धरली. घिर्र, घिर्र. लेन्स आत गेली, बाहेर आली, परत आत गेली. त्यांनी बटण सोडलं, पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

“ह्याला सापडत नाय,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आता ती दुसरी आणा.”

दुसरीनं क्षणात नेम धरला. त्यांनी फोटो मोठा करून बघितला, वहीत टिपला. मग कॅमेरा माझ्या हातात देत म्हणाल्या, “आज तुम्ही घाईत आहात, भाऊ.”

एवढंच. मी जोडीतली लेन्स खोक्यात घातली आणि त्यांच्या मागं जिना चढलो.

कॅमेरा आणि ती दुसरी लेन्स घेऊन त्या गेल्या, पण त्या दिवशी मी आणखी एक चूक केली. ती मुद्दाम केली की शरमेपायी झाली, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. कॅमेऱ्यानं नेम कशावर धरायचा हे आपण ठरवायचं असतं. नाहीतर तो स्वतःच ठरवतो आणि बहुधा जे जवळ असेल त्यावर धरतो. हे सेटिंग मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बदलून दाखवायचो. त्यांना दाखवलं नाही. पिशवी भरली आणि हात जोडले.

दहा दिवसांनी त्या आल्या. चेहरा उतरलेला. कॅमेरा काउंटरवर ठेवून म्हणाल्या, “ह्यानं माझं ऐकलंच नाय.”

फोटोत टँकर बिल्डिंगच्या फाटकाशी मागं मागं घेतलेला होता. अलीकडं ड्रायव्हर उतरून उभा होता आणि नेमका वर, गच्चीकडं बघत होता. त्याचा चेहरा इतका स्वच्छ आला होता की पांढऱ्या दाढीचे केस मोजता यावेत. त्याच्या मागं चार पावलांवर टँकरचा नंबर, धुरकट, वाचता न येणारा. कॅमेऱ्यानं माणूस धरला होता. कारण मला माहीत होतं.

“चेहरा तर आलाय,” मी म्हणालो. “यावरूनही ओळख पटेल.”

“कुणाची? ह्याची?” त्यांनी बोट पडद्यावर ठेवलं. “हा चालवतो. ज्यानं पाणी विकलं तो ह्यात कुठाय? ह्यालाच धरतील आणि प्रकरण मिटवतील.” मग म्हणाल्या, “पुसायचं कसं ते दाखवा.”

मी दाखवलं. त्यांनी तो फोटो पुसला. एकुलता एक पुरावा होता तो.

मग कळलं की त्यांनी पावतीवर सही करायचं बंद केलं होतं आणि त्यामुळं टँकरच्या दोन पाळ्या चुकल्या होत्या. वसाहतीतली माणसं त्यांच्या दारात येऊन बोलून गेली होती. अर्धं तर अर्धं, येत तर होतं. शेजारची एक जण, जिच्या पोरांना त्यांनी चित्रकलेच्या परीक्षेसाठी फुकट शिकवलं होतं, ती म्हणाली होती, “तुमचं एकटीचं पोट आहे, बाई. आमच्या घरात सहा माणसं हायती.” हे सांगताना त्यांनी पिशवीतली बाटली काढली, एक घोट घेतला आणि झाकण नीट फिरवून लावलं.

“परवा पाळी आहे,” त्या म्हणाल्या. “पुन्हा असंच झालं तर मी कुणाला तोंड दाखवणार नाय.”

मी म्हणालो, “परवा मी येतो.”

उजाडता उजाडता मी त्यांच्या गच्चीवर होतो. समोर माझी बिल्डिंग. इकडच्या बाजूनं ती मी पहिल्यांदाच बघत होतो. तिसऱ्या मजल्यावर खिडकीच्या चौकटी बसल्या होत्या. डावीकडची आमच्या स्वयंपाकघराची. बाईंनी चहा दिला, भरून कप. मी कॅमेरा घेऊन सेटिंग बदललं.

“हा मधला ठिपका बघा. तो नंबरवर ठेवायचा. मग दुसऱ्या कशाकडं तो बघणार नाही.”

“हे त्या दिवशी सांगितलं नाय तुम्ही.”

“नाही सांगितलं.”

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकर वळला. दिवे बंद. फाटकाशी थांबला, मागं मागं येऊ लागला. बाईंनी कोपर कठड्यावर रोवलं. त्यांचा श्वास थांबलेला मला कळत होता. आतून एक माणूस पाइप घेऊन आला, पाइप लागला, पाणी सुटल्याचा आवाज आला. कॅमेरा वाजला. एक, दोन, पाच, नऊ. त्यांनी फोटो मोठा करून माझ्यापुढं धरला आणि यावेळी मीच नंबर मोठ्यानं वाचला. सगळेच्या सगळे आकडे.

मी वाचत असतानाच ड्रायव्हर उतरला आणि त्यानं वर पाहिलं. तो फाटकात गेला नाही, आमच्या दिशेनं चालत आला. बाहेरच्या बाजूनं जिना होता, त्याला दार नव्हतं. त्याच्या चपलांचा आवाज एकेक पायरीनं वर येऊ लागला.

“तुम्ही बोलू नका,” बाई मला म्हणाल्या.

तो वर आला. पन्नाशीचा, खांद्यावर टॉवेल, पँटचे पाय भिजलेले.

“बाई, मागल्या पाळीला बी तुम्ही माझा फोटू काढला.”

“काढला होता. तुमचं तोंड आलं होतं त्यात. पुसून टाकला.”

“कोण म्हणतं पुसला?”

“मी म्हणते.”

त्यानं मला निरखलं. “हे कोण? पेपरवाले?”

“कॅमेरे विकतात.”

मग बाईंनी गळ्यातला पट्टा काढला आणि कॅमेरा त्याच्या हातात दिला. “बघा. हे बटण दाबलं की पुढचा येतो.”

तो कठड्यापाशी उभा होता. नुसता हात बाहेर काढून सोडला असता, तरी सगळं संपलं असतं. तो एकेक फोटो बघत राहिला. खाली पाणी पडतच होतं.

“ह्यात मी नाय,” तो शेवटी म्हणाला.

“नाय.”

“गाडी मालकाची हाय.”

“म्हणून गाडीचाच काढला.”

“मला कामावरनं काढतील, बाई.”

मला वाटलं, बाई त्याला धीर देतील. काही होणार नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, “काढतील, सांगता येत नाय. मी तुम्हाला खोटं बोलणार नाय.”

मग कॅमेरा कठड्यावर न ठेवता, दोन पावलं पुढं येऊन त्यानं बाईंच्या हातात दिला. “आज बी अर्धंच उतरीन. मला तसंच सांगितलंय.”

“उतरवा. मी सही करणार नाय.”

तो गेला. बाई खाली बसल्या, गच्चीच्या फरशीवरच. मी पाणी विचारलं तर नको म्हणाल्या.

त्याच दुपारी त्या दुकानात फोटोंच्या प्रती काढायला आल्या. साहेबांनी सांगितलं होतं की फोटोत काही फेरफार नाही असं ज्यानं प्रती काढल्या त्याचं लिहून आणा. त्यांनी कागद पुढं केला. मी पेन उघडलं आणि मला लिहिता येईना.

“ताई,” मी म्हणालो, “त्या बिल्डिंगमध्ये माझा फ्लॅट आहे. तिसऱ्या मजल्यावर.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रिक्षांचे नंबर वाचताना बघायच्या तसंच.

“म्हणून ती जोडी दाखवत होतात.”

“हो.”

त्यांनी कागद परत घेतला, घडी घालून पिशवीत ठेवला. “मग तुम्ही सही करू नका. दुसरीकडं विचारते.” आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबले.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“दोन-तीन आठवडे झाले.”

ती पुन्हा मळायला लागली. मला वाटलं, विषय संपला. पोळ्या झाल्यावर म्हणाली, “स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची गच्ची दिसते म्हणता. रोज सकाळी ती खिडकी उघडायची कशी मी?”

दुसऱ्या दिवशी दुकानात जायच्या आधी मी लिहिलेला कागद घेऊन बाईंच्या घरी गेलो. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाल्या, “फेरफारमधला एक र खाल्लाय तुम्ही. कचेरीत जाणारा कागद आहे, पुन्हा लिहा.” मी त्यांच्याच टेबलावर बसून पुन्हा लिहिला आणि सही केली.

साहेबांनी नंबर बघितला आणि नोंदीचं रजिस्टर मागवलं. आठवड्याभरात टँकर बदलला. भरून येऊ लागला, पण वेळ धड नसायची. कधी भर दुपारी यायचा आणि बायका उन्हात रांगेत उभ्या राहायच्या. ड्रायव्हरही बदलला. त्या जुन्याचं काय झालं, हे शोधायला बाई दोनदा टँकर भरायच्या ठिकाणी जाऊन आल्या. पत्ता लागला नाही. शेजारणीनं एक दिवस भाकरी आणि ठेचा आणून दिला, जुनं काही न बोलता.

बिल्डिंगचं काम पावसाळ्यापर्यंत बंद राहिलं. निळी जाळी फाटून लोंबायला लागली. बिल्डरकडचा एक माणूस दुकानात येऊन आमच्या मालकांशी हळू आवाजात बोलून गेला, आणि मालकांनी मला काउंटरवरून काढून गोदामात बसवलं. गोदामात मी दिवाळीपर्यंत होतो. आम्हाला ताबा मिळायला ठरल्यापेक्षा दीड वर्ष जास्त लागलं.

वास्तुशांतीला मी बाईंना बोलवायला गेलो तेव्हा येतील असं वाटलं नव्हतं. त्या आल्या. सगळ्या खोल्या फिरून बघितल्या. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर बोटाच्या सांध्यानं टकटक केलं आणि म्हणाल्या, “इथं भेग पडंल. ह्या भिंतीला पाणी कमी मिळालंय.” म्हणाल्या खऱ्या, आणि आपणच काय बोललो ते ध्यानात येऊन पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. माझी बायको हसली, मग मीही हसलो. भेग दुसऱ्याच उन्हाळ्यात पडली. बाईंनी बोट ठेवलं होतं तिथंच.

नंतरची चार वर्षं आम्ही समोरासमोर राहिलो. वसाहतीला नळ आला. बायकोचं त्यांच्याकडं जाणंयेणं वाढलं, माझं मात्र कामापुरतंच राहिलं. त्यांच्यासमोर बसलं की आपण वाचले जातोय असं मला वाटायचं.

शेवटी शेवटी त्यांना मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशन करून घ्या म्हटलं की “उन्हाळा जाऊ द्या” म्हणायच्या. उन्हाळा सरायच्या आधीच त्यांची भाची त्यांना नांदेडला घेऊन गेली आणि दोन महिन्यांनी त्या तिकडंच वारल्या. आता त्या घरात भाडेकरू आहेत.

नांदेडला जायच्या आदल्या सकाळी मी खिडकीत उभा होतो आणि त्या गच्चीवर वाळलेले कपडे काढत होत्या. मी हात वर केला. मधली गल्ली ती केवढी, हाक मारली असती तर सहज पोचली असती. त्यांनी कपाळाशी हात आडवा धरून माझ्या दिशेनं बराच वेळ पाहिलं. ओळखू आलो नाही, हे इकडून मला स्पष्ट कळत होतं. मग कपडे खांद्यावर टाकून, कोण असेल ते असो म्हणून, त्यांनीही हात वर केला आणि जिन्याकडं वळल्या.